अक्षता, अर्थिंग आणि माझे पाय

९ फेब्रुवारी, रविवार

खताच्या दुकानदारानं यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. प्रत्येक पानाखाली कोणत्या पिकावर कधी काय फवारायचं ते छापलंय. म्हटलं, वाया कशाला घालवा. जे माइकवर बोलता येत नाही ते इथं लिहू.

तर सन्माननीय डायरी, प्रथम परिचय. सिद्राम, मुक्काम अणदूर, वय त्रेपन्न, गावाच्या तोंडी सिदूअण्णा. पोटाला शेती, पण ओळख माइकची. सव्वीस वर्षं लग्नात निवेदन करतो आणि मंगलाष्टकं म्हणतो. नळदुर्गपासून जळकोटपर्यंत हायवेवर एकही मंगल कार्यालय असं नाही, जिथं मी उभा राहिलेलो नाही.

आणि आता नेमकी उभं राहण्याचीच पंचाईत झालीय.

आज जळकोटला लग्न होतं. मुहूर्त साडेबाराचा, अक्षता पावणेदोनला, म्हणजे वेळेवरच. तोवर फेटे आणि सत्कार. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत होत्या, एक नाव राहिलं तर तो पाहुणा जेवायचा नाही. पाचव्या सत्काराला माझ्या पोटऱ्यांत सुरू झालं. थरथर म्हणावी तर डोळ्यांना दिसत नाही, पण आतून असं वाटतं की आता आडवाच होणार. चार पावलं चाललं की गायब. बसलं की गायब. पुन्हा एका जागी उभं राहिलं की मिनिटभरात हजर. मग मी येरझाऱ्या घालतच सत्कार उरकले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "अण्णा, नवी स्टाइल काढली व्हय? टीव्हीत करत्यात तसं."

मी हसून घेतलं. दिवाळीपासून हे चाललंय, पण कुणाला काही कळलेलं नाही. माइकवाल्या माणसाला चेहरा सांभाळता येतो.

दादामियाँचा साऊंडही आज धड नव्हता. आमची वीस वर्षांची जोडी, त्याचे स्पीकर आणि माझा गळा. फेटे बांधताना मी माइक खाली घेतला की स्पीकरमधून घरघर. बोललो तर तोंड पाडून बसला.

१२ फेब्रुवारी

खंडोबाच्या आरतीला गेलो. दुसऱ्या कडव्याला पाय सुरू झाले, म्हणून प्रदक्षिणा घालायला लागलो. आरती संपेपर्यंत अकरा झाल्या. पुजारी म्हणाले, "अण्णा, काय नवस बोललाव का?" मी व्हय म्हणालो. आता कसला, ते मला शोधून ठेवावं लागेल.

आमच्या सौभाग्यवती म्हाळसाबाई वाटभर माझ्याकडे बघत होत्या. घरी आल्यावर हिनं ओट्याशेजारी उंच स्टूल आणून ठेवलं. मी पाणी प्यायला गेलो की ते पायात येतं.

"हे इथं कशाला?"

"असू द्या की. काय खातंय का तुम्हाला?"

बायकांना घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करायची भारी हौस. आज त्या स्टुलावर बसून चहा प्यालो. बरं पडतं तसं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नळदुर्गचं लग्न. दादामियाँनं वायर बदलली, माइक बदलला, कार्यालयामागं जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतून आला. सत्कार झाले तोवर सगळं ठीक. मग नवरदेवाचे आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले, त्यांच्यासाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं होतं. मी माइक मांडीशी धरून सरळ उभा राहिलो. सगळं कार्यालय चिडीचूप, आणि स्पीकरमधून सलग घर्रर्र. पुढच्या रांगेतल्या नवरदेवाच्या आजीनं हात जोडले. "आलं गं माझं मालक," म्हणाली.

इकडे माझे पाय थरथरतायत, तिकडे साऊंड घरघरतोय. एका माणसाच्या मागं किती कटकटी लागाव्यात?

२० फेब्रुवारी

गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं, खोकल्याचं औषध आणायला चाललोय. त्यांनी आडवं पाडून बीपी घेतलं, उभं करून घेतलं. काही माणसांचं उभं राहिल्यावर बीपी पडतं आणि चक्कर येते म्हणे. माझं नाही पडत. साखरही ठीक. "अशक्तपणा असेल," म्हणाले आणि सुई टोचली. दोन भाकरी खाणाऱ्या माणसाला अशक्तपणा.

दादामियाँनं हल्ली नवीनच खूळ काढलंय. स्टेजवर माझ्या अगदी उजव्या हाताला मोठा स्पीकर बॉक्स आणून ठेवतो. विचारलं तर म्हणतो, "आवाज चांगला येतो." स्टेजवर अडचण नुसती. एक खरं, त्यावर कोपर टेकलं की पाय शांत राहतात.

२ मार्च, रविवार

आज जे झालं ते सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

माझी एक रीत आहे. शेवटचं मंगलाष्टक झालं की मी दोन पावलं मागं जातो आणि माझ्या लाल खुर्चीवर बसतो. त्या गलक्यात बँडवाल्यांना काही ऐकू येत नाही, त्यांचा मास्तर फक्त माझ्यावर डोळा ठेवून असतो. अण्णा बसला की वाजवायचं. तालुक्यातल्या सगळ्या बँडवाल्यांना हे पाठ आहे.

तिसऱ्या अष्टकानंतर पाय राहीनात. बॉक्स आज लांब होता. वाटलं, श्वास घ्यायचा तेवढा वेळ टेकावं. टेकलो, आणि बँड वाजला. हजारभर माणसांनी मुठीतल्या होत्या तेवढ्या अक्षता एकदम फेकल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी घडी घातली. नवरदेवानं गोंधळून हार घातला आणि मागचा अर्धा मांडव जेवणाकडे पळाला. दोन अष्टकं शिल्लक होती.

मुलीची आत्या रडायला लागली, अर्धंच लगीन झालं म्हणून. भटजी शहाणे, त्यांनी तोडगा काढला. उरलेली दोन मी पंगतीतून चालत चालत म्हटली. लोकांच्या हातात अक्षता नव्हत्या, त्यांनी बुंदीचे दाणे टाकले. चालताना पाय अगदी ठणठणीत होते, आवाज तर असा लागला की दोघांनी वन्स मोअर दिला. पण मला मान वर करवत नव्हती.

४ मार्च

चहाच्या टपरीवर एकानं डोळा मारून विचारलं, "अण्णा, कुठली घेताव?" म्हणजे गावात हे सुरू झालंय. मी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही.

त्यात धोंडीबा तात्यांच्या नातीचं, शिवांजलीचं लग्न १८ मेला. तात्यांच्या थोरल्या लेकाचं लग्न हे माझं पहिलं निवेदन. त्यांनीच तेव्हा माझ्या हातात माइक दिला होता. तुळजापूरचा रणधीर म्हणून एक नवा पोरगा ब्लेझर घालून निवेदन करतो, तो तात्यांना भेटून गेला असं कळलं. मी ठरवलंय. तात्यांच्या मांडवात नीट उभं राहता आलं तर ठीक. नाहीतर माइक खाली ठेवायचा, कायमचा. अर्धं लगीन लावणारा म्हणून मला राहायचं नाही.

लिहिताना हात थरथरत नाही, हे एक बरं.

९ मार्च, रविवार

दादामियाँनं घरी बोलावलं. त्यानं पदरमोड करून नवीन अ‍ॅम्प्लिफायर आणलाय. अंगणात मांडून ठेवलेला. स्वतः माइक धरून उभा राहिला, घरघर नाही. त्याच्या बायकोनं, सकिनाबीनं धरला, नाही. मग मला म्हणाला, "अण्णा, लग्नात धरताव तसा धरा. बोलू नका."

मी माइक मांडीशी टेकवून उभा राहिलो. मिनिटभरात सुरू. घर्रर्र.

"चाला."

चाललो. बंद.

"उबं ऱ्हा."

उभा राहिलो. घर्रर्र.

दादामियाँनं स्विच बंद केला आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे नाही, माझ्या पायांकडे बघत राहिला. "अण्णा," म्हणाला, "फॉल्ट माझ्या मशीनीत न्हाय. तुमच्यात हाय. चार खड्डे मीठ घातलं की म्या." सकिनाबीला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाशी धरला.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, हलकं वाटलं. जे मला आत वाटत होतं ते खरंच होतं, आवाज ऐकला सगळ्यांनी.

१२ मार्च, बुधवार

सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी, म्हाळसा आणि दादामियाँ. त्याला यायची गरज नव्हती, पण "आवाजाचं मलाच सांगता येईल" म्हणून गाडीत बसला.

त्यानं खरंच सांगितलं, अर्थिंगपासून. मला वाटलं, बाई हाकलून देतील. त्यांनी मला उभं केलं, स्वतः खाली गुडघ्यावर बसल्या आणि स्टेथोस्कोप माझ्या पोटरीला लावला. कुणी डॉक्टर पोटरीचे ठोके ऐकताना मी पाहिला नव्हता. त्या हसल्या आणि नळ्या म्हाळसाच्या कानात दिल्या. "लांबून हेलिकॉप्टर येतंय असं वाटतं की नाही?"

म्हाळसानं मान हलवली. दादामियाँनं ऐकलं आणि म्हणाला, "ह्येच ते, डॉक्टरसाहेब. आमच्या बॉक्समधी ह्येच येतंय."

मग पायाला तारा लावून मशीनवर बघितलं. स्नायू सेकंदाला सोळा वेळा थरथरतात. इतकं जलद की डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येतं. नाव ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर, म्हणजे उभं राहिल्यावरचा कंप. लाखात एखाद्याला. मी विचारलं, "म्हणजे कंपवात?" त्या म्हणाल्या, नाही. कंपवातात हात निवांत मांडीवर असताना थरथरतो, चाल मंदावते. दुसरा एक कंप असतो, कप धरला, सही केली की हात हलतो. तो पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या असतो. तुमचा तिसराच. पाय जमिनीवर आणि माणूस जागच्या जागी उभा, एवढ्यातच येतो. चाललं, बसलं, टेकलं की जातो. जिवाला धोका नाही. मनाचा खेळ तर मुळीच नाही.

"बरा होईल?"

"पूर्ण नाही. गोळीनं कमी होईल. बाकी औषध तुमच्याकडेच आहे. चाला, टेका, बसा. आणि लपवू नका. पडायची भीती लपवण्यात जास्त वाढते."

येताना गाडीत मी हिला म्हणालो, तुला आधी सांगायला हवं होतं. ही म्हणाली, "काय सांगणार व्हताव? दूध घालायच्या रांगेत तुमी जागच्या जागी पावलं टाकताव. स्टूल काय मला उंची वाढवायला आणलं व्हतं?" आणि दादामियाँ पुढच्या सीटवरून म्हणाला, "अन् बॉक्स?"

मी अणदूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

१६ मार्च

ज्ञान झालं की वाटावं. सकाळी टपरीवर तिन्ही कंप समजावून सांगितले. एका वाण्याचा हात चहा ओतताना हलला, त्याला दुसऱ्या प्रकारात टाकला. तो म्हणाला, कप गरम हाय. शेजारच्या बिरदेवच्या म्हाताऱ्याची चाल मंद दिसली, त्याला कंपवातात घातला. त्याच्या पायात काटा होता. घरी आल्यावर म्हाळसा म्हणाली, "तुमी निवेदन करा. निदान करू नका."

पण टपरीवर सगळं सांगितलं आणि आकाश कोसळलं नाही. दारूचा विषय काढणाऱ्यानंच चहाचे पैसे दिले.

२० एप्रिल, रविवार

गोळीनं झोप फार येते. मागच्या आठवड्यात केळवणाच्या ताटावर पेंगलो. पण आता तीन मिनिटं तग धरतो, आधी एक धरत होतो.

सत्कार चालत चालत जमतात. आज मंगलाष्टकंही चालत म्हणून पाहिली. नवरदेव-नवरीच्या भोवतीनं फिरलो. व्हिडिओवाला ओरडला की अण्णा दर अष्टकाला फ्रेममध्ये येतायत. भटजींना गरगरलं. ते बाद. अष्टकांना एका जागीच राहायला हवं, आणि ती आठ मिनिटं चालतात.

११ मे, रविवार

धोंडीबा तात्या घरी आले. वय अठ्ठ्याहत्तर, अजून ओसरीची पायरी कुणाचा हात न धरता चढतात, पण चढल्यावर आधी दम खातात.

"सिदू, तुझ्या पायाचं ऐकलं. तुला जमंल का न्हाय, सरळ सांग. त्यो रणधीर तयार हाय."

मी म्हणालो, "तात्या, खुर्चीवर बसून म्हटलं तर?"

"बसून?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आरं, कुणी गेलं म्हंजी बसत्यात. अक्षता पडताना कुणी बसतंय व्हय? माझ्या गुडघ्याच्या वाट्या गेल्यात, म्या उबा ऱ्हातो. म्हातारी काठीवर उबी ऱ्हाती. मांडवात मान उभ्या माणसाला असतोय."

मी म्हणालो, "उभा राहीन."

ते गेल्यावर म्हाळसा म्हणाली, "खोटं बोललाव." मी म्हणालो, गोळी आहे, बॉक्स आहे, होईल. तिला पटलं नाही. मलाही होईल असं वाटत नाही. पण ज्या माणसानं माइक दिला त्याच्या दारात नाही म्हणायला जीभ वळत नाही.

१८ मे, रविवार

माइक धरून हात दुखतोय, तरी लिहितो. आजचं आजच लिहायला हवं.

सत्कार बावन्न. सगळे चालत उरकले. मग नवरा-नवरी आले, अंतरपाट धरला आणि मी माझ्या जागेवर गेलो, तर बॉक्स नव्हता. व्हिडिओवाल्यानं फ्रेम खराब होते म्हणून खाली उतरवून घेतला होता. दादामियाँ लांबून हातवारे करत होता. मधे दीड हजार माणसं उभी, मुठीत अक्षता. रणधीर पाहुणा म्हणून आलेला, पहिल्या रांगेच्या टोकाला, ब्लेझरमध्ये. पहिल्या रांगेत तात्या आणि त्यांच्या वयाची माणसं. दुसऱ्या रांगेत तात्यांची बायको कस्तुराबाई, काठीवर.

पाय सुरू झाले होते. तीन मिनिटं माझ्याकडे होती आणि काम आठ मिनिटांचं. माइक रणधीरकडे द्यावा असं एकदा वाटलं, खोटं कशाला सांगू. हात थोडा पुढं गेलासुद्धा. मग म्हटलं, सव्वीस वर्षं लोकांचा परिचय करून दिला, आपलाही एकदा द्यावा.

"उपस्थित वऱ्हाडी मंडळी," मी म्हणालो, "एक सत्कार राहिला. आजचे बिनपत्रिकेचे पाहुणे आहेत माझ्या पायातले कंप. मी उभा राहिलो की तेही उभे राहतात, सेकंदाला सोळा वेळा. डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून ऐकलेत. दारूचा काही संबंध नाही. चालण्याला, बोलण्याला, गाण्याला त्यांची हरकत नाही, फक्त उभं राहू देत नाहीत. तात्यांना मी उभा राहीन म्हणालो होतो, ते खोटं होतं. मंगलाष्टकं मी बसून म्हणणार आहे. सगळी म्हणणार आहे. बँडवाले मास्तर, मी बसलो तरी वाजवू नका, हात वर केला की वाजवा."

आणि बसलो. पाय थांबले.

मी तात्यांकडे बघितलं नाही, बघायची छातीच झाली नाही. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून कस्तुराबाईंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मंग म्या बी बसते बाई. कवाधरनं पाय तुटायलेत." आणि त्या बसल्या.

लोक हसले. मी पहिलं अष्टक सुरू केलं. त्यांच्या शेजारची म्हातारी बसली. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा, ज्यांचा खुबा बदललाय. मग आणखी दोघं. तिसऱ्या अष्टकाला पहिल्या रांगेत एकटे तात्या उभे होते, मान ताठ. चौथ्याला त्यांचा हात मागं गेला, खुर्ची चाचपत. सापडली. ते बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले. पाचवं मी कसं म्हटलं ते मला आठवत नाही, पण सावधान म्हणून हात वर केला तेव्हा बँड बरोबर वाजला.

नंतर मी पाया पडायला गेलो. तात्या दुसरीकडेच बघत म्हणाले, "आवाज चांगला लागला आज." एवढंच. कस्तुराबाईंनी माझी मान खाली ओढून घेतली आणि कानात बोलल्या.

"चार लेकरांची लग्नं झाली सिदू, सा नातवंडांची झाली. दर टायमाला म्होरं ही सगळी उबी, आन् म्या नुसत्या पाठी बघितल्या. आज पोरीचं त्वांड दिसलं, अक्षता पडताना."

मला रडू आलं, सगळ्यांसमोर आलं. मी तिथंच त्यांच्या शेजारी बसून घेतलं.